एकदा निर्दोष सुटलेल्या रोखपालावर दुसरी केस : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

लालबागमधल्या एका पतपेढीत वसंतराव सव्वीस वर्षं रोखपाल होते. त्यांचं नाव बदललं आहे. रकमा आणि काही तपशीलही ओळख पटू नये इतपत बदलले आहेत. कायद्याचे मुद्दे मात्र जसे उभे राहिले तसेच ठेवले आहेत.

पतपेढी गिरणी कामगारांची. गिरण्या गेल्या, पण सभासद राहिले आणि त्यांच्या मुलांनीही तिथेच खाती उघडली. २०१४ च्या लेखापरीक्षणात रोजकीर्द आणि तिजोरीतली रोकड यांचा मेळ बसेना. तूट पावणेतीन लाखांच्या आसपास होती. तिजोरीच्या दोन किल्ल्या होत्या, एक वसंतरावांकडे आणि दुसरी व्यवस्थापकांकडे. कीर्द तिघं लिहीत. तरी बोट वसंतरावांकडे गेलं, कारण दिवसअखेरची सही त्यांची असायची. अंतर्गत चौकशी झाली आणि २०१५ च्या सुरुवातीला त्यांना बडतर्फ करण्यात आलं.

पाठोपाठ पोलिसांत फिर्याद गेली. गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४०८ खाली नोंदला गेला, म्हणजे नोकराने केलेला फौजदारी न्यासभंग. आपण ज्याला अफरातफर म्हणतो तेच. मध्य मुंबईतल्या एका महानगर दंडाधिकारी कोर्टात खटला चालला. खटला सुरू असताना संस्थेकडून निरोप आला होता : निम्मी रक्कम भरा, आम्ही तडजोड करतो. वसंतरावांनी नकार दिला. "पैसे भरले म्हणजे घेतले होते असंच होतं ना," असं ते तेव्हा म्हणाले होते. लेखापरीक्षकाच्या उलटतपासणीत दुसऱ्या किल्लीचा विषय निघाला आणि कोणत्या दिवशी रोकड कोणाच्या ताब्यात होती हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. २०१९ मध्ये संशयाचा फायदा देऊन कोर्टाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. त्यावर कोणीही अपील केलं नाही.

२०२१ मध्ये पतपेढीत नवं संचालक मंडळ आलं. एका सभासदाने खासगी फौजदारी तक्रार दाखल केली. तूट तीच आणि काळही तोच. कलमं मात्र आता तीन होती : ४०८, ४२० आणि ४७७-अ, म्हणजे न्यासभंग, फसवणूक आणि हिशेबात खोटेपणा. २०२२ मध्ये वसंतरावांच्या घरी समन्स आलं.

अडचण

माझ्याकडे येण्याआधी त्यांच्या त्या वेळच्या वकिलांनी एक अर्ज दिला होता आणि तो फेटाळला गेला होता. दीड पानांचा अर्ज. त्यात एकच आधार घेतलेला : संविधानाचा अनुच्छेद २०(२), एकाच गुन्ह्यासाठी एकाहून अधिक वेळा खटला आणि शिक्षा नाही. दंडाधिकाऱ्यांचा आदेश त्याहून छोटा होता. अनुच्छेद म्हणतो 'खटला चालवून शिक्षा'. आरोपीला आधीच्या खटल्यात शिक्षा झालेलीच नाही. सबब अर्ज नामंजूर.

हा आदेश घेऊन वसंतराव आणि त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या तेव्हा वहिनींच्या हातात प्लास्टिकची फाईल होती आणि वसंतराव बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, नोकरी गेली ती पहिली शिक्षा. चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या ती दुसरी. सुटलो. आता हे तिसऱ्यांदा. कायद्यात असं बसतं का?"

त्यांच्या या एका वाक्यात दोन वेगवेगळे प्रश्न होते. बडतर्फीनंतर फौजदारी खटला चालवता येतो का? आणि निर्दोष सुटल्यावर त्याच घटनेसाठी पुन्हा खटला चालवता येतो का? वसंतरावांसाठी दोन्ही एकच अन्याय. कायद्यात मात्र पहिल्याचं उत्तर 'हो' आहे आणि दुसऱ्याचं बहुतेक वेळा 'नाही'. दोन उत्तरांची वंशावळ वेगळी आहे. ती लक्षात घेतली नाही तर अर्ज कोणत्या कलमाखाली लिहायचा तेच चुकतं, आणि इथे तेच चुकलं होतं.

दंडाधिकाऱ्यांचा आदेश अनुच्छेदापुरता बरोबर होता, हे मला मान्य करावं लागलं. अनुच्छेद २०(२) शिक्षा भोगलेल्या माणसाला राखतो. निर्दोष सुटलेल्याला तो राखत नाही. त्याचं संरक्षण दुसऱ्या आणि संविधानाहून जुन्या ठिकाणी आहे : फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ चं कलम ३००. त्याआधी ते १८९८ च्या संहितेचं कलम ४०३ होतं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३७ आहे.

मुळं कुठवर जातात

या केसच्या तयारीत मी जितका इतिहास वाचला तितका एरवी वाचला नसता. त्यातला जो भाग उपयोगी पडला तो इथे सविस्तर देते, कारण माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिथेच होती.

एकाच गोष्टीसाठी माणसाला दोनदा न्यायासनासमोर खेचू नये, हा विचार फार जुना आहे. इसवी सनपूर्व ३५५ च्या सुमारास अथेन्समध्ये डेमोस्थेनिस या वक्त्याने लेप्टिनिसविरुद्धच्या भाषणात सांगितलं की कायदा एकाच माणसावर एकाच बाबीसाठी दोनदा खटला भरू देत नाही. सम्राट जस्टिनियनच्या काळात, ५३३ मध्ये, रोमन कायद्याचा जो संग्रह झाला त्यात अल्पियन या रोमन कायदेपंडिताचं मत आहे : ज्या गुन्ह्यातून माणूस सुटला त्याच गुन्ह्याचा आरोप प्रांताधिपतीने त्याच्यावर पुन्हा होऊ देऊ नये. म्हणजे रोमन धारा सुटलेल्या माणसाची होती.

दुसरी धारा शिक्षेची, आणि ती धर्मग्रंथातून आली. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने बायबलमधल्या नहूम संदेष्ट्याच्या वचनावर भाष्य करताना लिहिलं की देव एकाच गोष्टीबद्दल दोनदा शासन करत नाही. पुढे हे वाक्य चर्चच्या कायद्यात मुरलं आणि बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजकारणात भडकलं.

राजा दुसरा हेन्री याची तक्रार अशी होती की गुन्हा केलेला पाद्री चर्चच्या कोर्टात जातो, तिथे फार तर त्याची पाद्रीपदाची वस्त्रं काढून घेतात, आणि तो सुटतो. म्हणून ११६४ च्या क्लॅरेंडनच्या नियमावलीत राजाने मागणी केली : चर्चने दोषी ठरवून पदावरून काढलेल्या पाद्र्याला राजाच्या कोर्टातही शिक्षा व्हावी. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट आडवे आले. पदावरून काढणं हीच एक शिक्षा आहे, त्यावर दुसरी नको, हा त्यांचा मुद्दा आणि जेरोमचं वाक्य हा त्यांचा आधार. २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या सरदारांनी बेकेट यांना त्यांच्याच कॅथेड्रलमध्ये मारलं. त्या खुनाने सगळीकडे इतका संताप उसळला की ११७६ मध्ये हेन्रीला पाद्र्यांच्या बाबतीत बरीच माघार घ्यावी लागली. इंग्लिश कायद्यातला नियम थेट या भांडणातून आला का, यावर इतिहासकारांत एकमत नाही. पण मी हे वाचत होते तेव्हा मला वसंतराव दिसत होते. "नोकरी गेली ती शिक्षा नव्हती काय," हा बेकेट यांचाच युक्तिवाद होता, साडेआठशे वर्षांनी लालबागमध्ये पुन्हा उच्चारलेला.

इंग्लंडमध्ये सुटलेल्या माणसाची बाजू मात्र बराच काळ डळमळीत राहिली. तिथे फौजदारी कारवाईचे दोन रस्ते होते. एक राजाच्या नावाने आणि दुसरा मयताच्या वारसाने स्वतः उभा केलेला. या दुसऱ्यालाही अपीलच म्हणत, पण आजच्या अर्थाने नव्हे. ती एक स्वतंत्र खासगी फिर्याद असे. सातव्या हेन्रीच्या १४८७ च्या कायद्याने स्पष्टच केलं की खुनाच्या आरोपातून राजाच्या खटल्यात सुटलेल्यावरही वारस वर्षाच्या आत खासगी फिर्याद करू शकतो. या फटीचा शेवटचा मोठा वापर १८१७ मध्ये झाला. मेरी ॲशफर्ड या तरुणीच्या मृत्यूच्या खटल्यात अब्राहम थॉर्नटन सुटला, तेव्हा तिच्या भावाने पुन्हा फिर्याद केली. थॉर्नटनने जुन्या हक्काने द्वंद्वयुद्धाची मागणी करून कोर्टात हातमोजा खाली टाकला आणि १८१८ मध्ये न्यायाधीशांना त्याचा तो हक्क मान्य करावा लागला. भावाने माघार घेतली. १८१९ मध्ये संसदेने खासगी फिर्याद आणि द्वंद्वयुद्ध दोन्ही रद्द केलं.

सरकार पक्षाच्या खटल्यात सुटलेला आरोपी आणि नंतर त्याच घटनेसाठी खासगी माणसाने केलेली दुसरी फिर्याद : आमच्या प्रकरणाचा सांगाडा हाच होता. मेरीच्या भावाचं दुःख खोटं नव्हतं आणि आमच्या तक्रारदार सभासदाचा रागही खोटा नव्हता. त्याच्या वडिलांची ठेव त्या पतपेढीत होती.

दरम्यान इंग्लिश कोर्टांनी जुन्या नॉर्मन फ्रेंचमधले दोन बचाव पक्के केले. आमच्याकडे अजून त्यांना 'ऑट्रफॉइस अ‍ॅक्विट' आणि 'ऑट्रफॉइस कन्व्हिक्ट' म्हणतात, म्हणजे 'आधीच सुटलेला' आणि 'आधीच दोषी ठरलेला'. इंग्लिश कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी ते मांडले. १७६९ मध्ये दुसरे कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांनी लिहिलं की एकाच गुन्ह्यासाठी कोणाचाही जीव दोनदा धोक्यात घालू नये हे कॉमन लॉचं, म्हणजे कोर्टांच्या निकालांतून घडलेल्या इंग्लिश कायद्याचं, सार्वत्रिक तत्त्व आहे. १७९१ मध्ये अमेरिकेच्या पाचव्या घटनादुरुस्तीत ते गेलं, आणि तिथे सुटलेला व दोषी ठरलेला दोघांनाही एकाच वाक्याने कवेत घेतलं.

आपल्याकडे तसं झालं नाही. ब्रिटिश काळातल्या संहितेत दोन्ही बचाव होते. पण संविधानाच्या मसुद्यात फक्त शिक्षा आली : एकाच गुन्ह्यासाठी कोणाला एकाहून अधिक वेळा शिक्षा होणार नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत टी. टी. कृष्णमाचारी यांनी त्यात 'खटला चालवून' या अर्थाचे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. अडचण त्यांनी सरकारी नोकराची दाखवली : हे शब्द नसले तर खात्याने शिक्षा केलेल्या अधिकाऱ्यावर फौजदारी खटलाच भरता येणार नाही. दुरुस्ती मंजूर झाली. म्हणजे बेकेट आणि हेन्री यांच्यातला वाद आपल्या संविधान सभेने हेन्रीच्या बाजूने मिटवला, आणि तोही ठरवून, शब्द घालून. अनुच्छेद २०(२) ची ती दोन-तीन अक्षरं वसंतरावांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर होती.

या उत्तरावर शिक्कामोर्तब झालं तेही मुंबईच्याच प्रकरणात. ६ नोव्हेंबर १९४९ रोजी मकबूल हुसेन जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरले आणि झडतीत त्यांच्याजवळ १०७.२ तोळे सोनं सापडलं. कस्टम्सने सोनं जप्त केलं आणि जप्तीऐवजी १२,००० रुपये भरून ते सोडवायची मुभा दिली. मार्च १९५० मध्ये त्यांच्यावर मुंबईच्या मुख्य प्रेसिडेन्सी दंडाधिकाऱ्यांसमोर परकीय चलन कायद्याखाली खटला सुरू झाला. १७ एप्रिल १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कस्टम्स अधिकारी हे न्यायालय किंवा न्यायाधिकरण नाहीत, म्हणून जप्ती ही 'खटला चालवून झालेली शिक्षा' नाही. पुढच्याच वर्षी वेंकटरामन यांच्या प्रकरणात सरकारी नोकराच्या खात्यामार्फत झालेल्या चौकशीलाही हेच लागू झालं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय वसंतरावांना सर्वात जवळचा होता : बडतर्फी ही शिक्षा म्हणून पुन्हा मांडायची. तो सोडायला त्यांना पटवणं हे या प्रकरणातलं सर्वात अवघड काम होतं, कोर्टापुढच्या युक्तिवादाहूनही. मी त्यांना सांताक्रूझच्या सोन्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "त्याने सोनं आणलं तरी होतं. मी काय आणलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फक्त इतकं सांगू शकले की हा मुद्दा घेऊन गेलो तर आपल्या हातातला खरा मुद्दा झाकला जाईल.

दुसरा पर्याय उच्च न्यायालयात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली तक्रारच रद्द करून मागण्याचा. मोठं हत्यार, पण खर्चीक आणि तारखा लांब. शिवाय तिथे पहिला प्रश्न आला असता की खाली कलम ३०० मांडलं का?

तिसरा, त्याच दंडाधिकाऱ्यांकडे नवा अर्ज. यात धोका असा की एकच मुद्दा दोनदा आणल्यासारखा दिसतो.

चौथा, सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, आम्ही ज्याला रिव्हिजन म्हणतो. मुदत नव्वद दिवसांची, त्यातले पन्नासहून जास्त संपलेले.

पाचवा पर्याय समोरून आला. तक्रारदाराच्या वकिलांनी सुचवलं, एक लाख द्या आणि विषय मिटवा. वहिनींचा कल तिकडे होता. त्यांना झोप लागत नव्हती आणि मुलीचं लग्न ठरत होतं. मी कलमं उघडून दाखवली. ४०८ ची तडजोड ज्याची मालमत्ता तोच करू शकतो, म्हणजे संस्था. एकटा सभासद नाही. ४७७-अ तर तडजोडीच्या यादीतच नाही. लाख रुपये देऊनही केस उभी राहिली असती. त्यानंतर वहिनींनी तो विषय काढला नाही.

आम्ही रिव्हिजन निवडली.

काय केलं

निवड झाल्यावर मी एक चूक केली. रिव्हिजनच्या मसुद्यात मी अथेन्सपासून सुरुवात केली आणि सात पानं इतिहासाची झाली. माझ्या सीनिअरनी तो मसुदा वाचून अर्ध्या पानावर आणला. बेकेट गेले, थॉर्नटन गेला, फक्त एक ओळ राहिली : निर्दोष मुक्ततेचं संरक्षण संहितेतून येतं, अनुच्छेदातून नाही, आणि दोन्हींचा उगम वेगळा असल्याने अनुच्छेदाची शब्दरचना संहितेवर लादता येत नाही. सात पानं वाचल्याशिवाय ती एक ओळ मला सुचली नसती हेही तितकंच खरं.

सत्र न्यायालयात समोरच्या बाजूने मुंबई राज्यातलंच दुसरं प्रकरण आणलं : मुंबई राज्य विरुद्ध आपटे. त्याचा निकाल डिसेंबर १९६० चा. त्यात विमा कंपनीच्या पदाधिकाऱ्यांवर विमा कायदा आणि दंड संहितेचं कलम ४०९ अशा दोन्हींखाली आरोप होते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पाहायचं ते दोन्ही गुन्ह्यांचे घटक, घटना एक असणं पुरेसं नाही. ४२० चे आणि ४७७-अ चे घटक ४०८ हून वेगळे आहेत, तेव्हा आडकाठी नाही, असा त्यांचा रोख होता.

आमचं उत्तर पुन्हा उगमावर गेलं. आपटे प्रकरण 'तोच गुन्हा' या शब्दांवर आहे. कलम ३००(१) त्यापुढे जातं. ते 'त्याच तथ्यांवर' दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यासाठीही खटला अडवतं, जर तो आरोप पहिल्याच खटल्यात कलम २२१ खाली पर्याय म्हणून ठेवता आला असता. २०११ च्या कोल्ला वीर राघव राव निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक थेट सांगितला आहे. २०१२ चा संगीताबेन पटेल निकाल दुसऱ्या दिशेला झुकतो, तोही आम्ही स्वतःहून न्यायालयापुढे ठेवला. विरुद्ध जाणारा निकाल लपवायचा नाही हे मला शिकवलं गेलं आहे.

सत्र न्यायालयाने आदेश रद्द केला आणि कलम ३०० च्या अंगाने, पहिल्या निकालाची प्रमाणित प्रत पाहून, अर्जावर नव्याने निर्णय द्या म्हणून प्रकरण खाली पाठवलं. पहिल्या अर्जाला जोडलेली प्रत साधी झेरॉक्स होती. आधीची मुक्तता कशी सिद्ध करायची हे कलम २९८ सांगत होतं. तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

मग खालच्या कोर्टासाठी मी एक तक्ता केला. डाव्या बाजूला नव्या तक्रारीतली प्रत्येक वादग्रस्त नोंद, उजव्या बाजूला पहिल्या खटल्यात त्याच नोंदीला पुरावा म्हणून दिलेला निशाणी क्रमांक. चौदा नोंदी होत्या, तेरा जुळल्या. चौदावी, नऊ हजारांची, पहिल्या खटल्यात आलीच नव्हती.

इथे मी दोन दिवस अडले. ती नोंद गाळून तक्ता दिला असता तर समोरच्यांच्या लक्षात आलं असतं की नाही, सांगता येत नाही. वसंतरावांना विचारलं. त्यांनी कीर्दीची झेरॉक्स डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि म्हणाले, "हे अक्षर माझं नाही." ते दुसऱ्या कारकुनाचं होतं. आम्ही चौदाही नोंदी दिल्या आणि चौदावीपुढे तसं लिहिलं.

निकाल

२०२३ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला. ४०८ ला कलम ३००(१) आडवं आलं. ४२० त्याच तथ्यांवर उभं होतं आणि पहिल्या खटल्यातच पर्यायी आरोप म्हणून ठेवता आलं असतं, म्हणून तेही गेलं. ४७७-अ बद्दल कोर्टाने वेगळा रस्ता घेतला. तो त्याच व्यवहारातला पण स्वतंत्र गुन्हा धरला, तर कलम ३००(२) लागू होतं आणि मग राज्य सरकारची संमती लागते. ती घेतलेली नाही. ही संमतीची अट १८९८ च्या कलम ४०३ मध्ये नव्हती, १९७३ च्या संहितेने घातली. वसंतरावांना या टप्प्यावर त्या एका अटीने तारलं. चौदाव्या नोंदीबद्दल त्यांच्याविरुद्ध प्रथमदर्शनी काही नाही असं नमूद करून कलम २४५(२) खाली त्यांना डिस्चार्ज केलं गेलं, म्हणजे आरोप न ठेवताच मोकळं केलं गेलं.

आदेश ऐकून वसंतरावांनी विचारलं, "सुटलो ना?" मी खरं ते सांगितलं. तेरा नोंदींवरच्या न्यासभंगाच्या आरोपातून ते २०१९ मध्येच सुटले आहेत, आणि ती मुक्तता कायम आहे तोवर तो आरोप परत येत नाही. पण आजचा डिस्चार्ज म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. कलम ३०० चं स्पष्टीकरणच तसं सांगतं. चौदाव्या नोंदीबद्दल उद्या नवा पुरावा आला किंवा ४७७-अ साठी कोणी मंत्रालयातून संमती आणली, तर दार पूर्ण बंद नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ठीक आहे. निदान कळलं तरी कुठलं दार उघडं आहे ते."

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात मोठी संधी संस्थेने गमावली. २०१९ चा निकाल चुकीचा वाटत होता तर पीडित म्हणून कलम ३७२ च्या परंतुकाखाली त्यांना स्वतः अपील करता आलं असतं. ३१ डिसेंबर २००९ पासून तो हक्क आहे. अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे, पहिल्याचाच पुढचा टप्पा, हे कलावती प्रकरणात १९५३ सालीच ठरलं आहे. दुसऱ्या किल्लीचा प्रश्न तिथे नीट लढवता आला असता. दोन वर्षांनी एका सभासदाला पुढे करून तो सुटणारा नव्हता. त्या सभासदाबद्दल मला आजही वाईट वाटतं. त्याच्या वडिलांची ठेव कुठे गेली हे त्याला कोणत्याच खटल्यात कळलं नाही.

पहिल्या खटल्यात सरकार पक्षाने फक्त ४०८ लावलं. हिशेबातला खोटेपणा त्यांना खरोखर दिसत होता तर तो आरोप तेव्हाच ठेवायला हवा होता. एकाच व्यवहारातले आरोप एकत्र चालवायची सोय कलम २२० ने दिलीच होती.

आमच्या बाजूने पाहिलं तर समन्स आलं त्याच आठवड्यात जुन्या निकालाच्या आणि निशाण्यांच्या प्रमाणित प्रती काढायला हव्या होत्या. पहिल्या अर्जात कलम ३०० आणि अनुच्छेद २०(२) दोन्ही असते तर रिव्हिजन लागलीच नसती आणि त्या घरातलं एक वर्ष वाचलं असतं. मी स्वतः बडतर्फीचा मुद्दा सोडायला फार वेळ घेतला. कायदा स्पष्ट होता, पण वसंतरावांचं म्हणणं मला माणूस म्हणून पटत होतं, आणि म्हणून मी दोन तारखा त्यात घालवल्या.

एक प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. चौदावी नोंद डिस्चार्जवर सोडून द्यायची की तिच्यावर आरोप ठेवू देऊन पूर्ण खटला चालवून निर्दोष मुक्तता घ्यायची? दुसऱ्या मार्गाने कायमचं संरक्षण मिळालं असतं. पण त्यासाठी सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला पुन्हा तीन-चार वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागलं असतं. आम्ही विचारलं, त्यांनी नको म्हटलं, आणि मी जोर केला नाही. माझ्याबरोबरच्या एका वकिलाच्या मते मी जोर करायला हवा होता.

आदेशाविरुद्ध रिव्हिजनची नव्वद दिवसांची मुदत संपली, समोरून काही आलं नाही. मुदत संपली त्या आठवड्यात वसंतराव आले, दोन्ही आदेशांच्या प्रमाणित प्रती माझ्याकडून घेतल्या, आणि खालच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती काढल्या : एक घरासाठी, एक मुलीच्या सासरी ठेवायला, आणि एक माझ्या फाईलला.